घसारा

वहीच्या मागच्या पानापासून सुरुवात केली.
खरेदी : एक लाख अठरा हजार चारशे.
बिलं सगळी आहेत, फक्त कॅबिनेटचं नाही,
ते तेजपालनं पुण्याहून एसटीत मांडीवर घेऊन आणलं होतं.

ग्राफिक्स कार्ड बावन्नला पडलं.
तेव्हा लोक कार्डं तापवून तापवून नाणी काढत होते
आणि सांगलीत एखादं मिळालं तर पेढे वाटावेत अशी गत.
आज त्याहून चांगलं, नवं, तीसला येतं.
मामा म्हणाला, हळद चढली होती त्या सालचा भाव
धरून बसलास तर पेवात किडे पडतील, बाळा.
मी सतरा लिहिले. खोडले. सोळा.
पुन्हा सतरा.

प्रोसेसर साडेसहा. मदरबोर्ड चार,
त्याचं एक यूएसबी मेलंय,
ते सांगायचं की नाही यावर एक चहा झाला.
रॅम मात्र महागलीय, तिथं पाच हजार ठोकून लावले.
दिव्यांचे कोणी देत नाही.
तीन गणपती त्या पंख्यांच्या उजेडात बसले,
कुंभोजकरकाकूंनी विचारलं होतं, आरास केवढ्याला पडली?
शून्य.
जोडणीची मजुरी, दोन रात्री आणि एक कापलेलं बोट :
तेही शून्य.
पाठीमागं वायरींची वेणी घातलीय,
ती झाकणाआड असते, कोण बघणार.

कीबोर्ड वर फुकट.
पुढं पळायची डब्ल्यू पार पुसून गेलीय, एस अजून कोरी.
मागं फिरायचं आम्हा चौघांना कधी सुचलंच नाही,
म्हणून तर रोज मरायचो.
तेजपाल आता मस्कतला. अल्ताफला जुळी झाली.
मला कुपवाडला रात्रपाळी लागली,
साडेअकराला आता मी लेथपुढं उभा असतो.

आणि पूर? तो कुठल्या रकान्यात घालू?
पाणी मारुती चौकात आलं
तेव्हा मी आधी हा माळ्यावर चढवला, मग गव्हाकडं वळलो.
मधल्या वीस मिनिटांत पोतं खालून भिजलं.
आई त्या रात्री काही बोलली नाही.
दिवाळीला बोलली. संक्रांतीला बोलली.
परवाही.

गिऱ्हाईक मिरजेचं.
हुजैफ, मिसरूड फुटलेला, आणि सोबत आजोबा,
सतारी करणारे, नखांच्या कडांना लाखेचा रंग.
पोरगा काचेला नाक लावून बसला.
मी सांगत राहिलो, तापमान, फ्रेम, किती जीबी.
आजोबांनी चष्मा काढून खिशात ठेवला,
भोपळा पारखावा तसं कॅबिनेटवर बोट वाजवलं,
म्हणाले, चालू करा.
मग म्हणाले, आता कोणी बोलू नका.
पंखे फिरले.
ते मान तिरकी करून बराच वेळ उभे होते.

भावाची वेळ आली तसा मामानं खांद्यावरचा टॉवेल काढला.
चाळीस वर्षं अडतीत गेलेला माणूस, दुसरं काय करणार.
आजोबा हसले, त्यांचे वडील यार्डात हमाल होते म्हणे,
बोटांची भाषा घरातलीच.
दोन हात कापडाखाली गेले.
मला नुसता टॉवेल हलताना दिसत होता, मांजर शिरल्यासारखा.
साडेएक्केचाळीसची बेरीज असलेली वही
मी मांडीखाली दाबून बसलो.

रिक्षा वळल्यावर विचारलं, कितीला?
साडेएकोणचाळीस.
यूएसबीचं कळलं का त्यांना?
ते कुठलं कळतंय, मामा म्हणाला, दोन हजार आवाजाचे गेले.
मागचा उजवा पंखा बेसूर आहे म्हणे.

तीन वर्षं त्याच्याकडं डोकं करून झोपलो,
मला कधी ऐकू आला नाही.

संध्याकाळी आईनं टेबल पुसून घेतलं
आणि गव्हाचं पोतं वर उचलायला मला हाक मारली.
अगं, पावसाला चार महिने आहेत अजून.
असू देत की, म्हणाली,
ह्या साली आधी गहू.