शेवटची ओव्हर

बस नाझनीन. वही नंतर उघड.
ओव्हर आधी तोंडी घ्यायची, डोळ्यांत बघून;
कागदावर सगळे पेशंट सारखेच दिसतात.

चारला नेपाळी खलाशी.
ट्रॉलरवर शिंगाळ्याचा काटा तळहातात मोडला.
काटा निघालाय, टीटी दिलंय,
रात्री दोनपर्यंत हात सोसेल तितक्या गरम पाण्यात होता.
मराठी येत नाही, पण "दुखता" एवढं
आपल्यासारखंच म्हणतो.
आईला फोन लावायचाय त्याला. रेंज
जनरेटरच्या खोलीमागेच मिळते,
तिथे नेऊन उभा कर.

सातला फुरसं.
काल दुपारी कातळावरच्या बागेत, आंबे उतरवताना.
पिंढरीवर पेनाने रेघ मारलीय,
सूज तिच्या वर चढली तर डॉक्टरांना उठव,
शिव्या दिल्या तरी उठव.
रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं उभं ठेवलं,
धक्का लागू दिला नाही, मग तिरकी केली.
दोनदा पाण्यासारखं वाहिलं.
पहाटे चारला गोठलं.
मी नळी ट्यूबलाइटखाली धरून एकटीच हसत होते,
वॉचमन मोंडकर म्हणाला,
"काय गो बाय, लॉटरी लागली काय?"

छत्तीस वर्षांत अशा किती नळ्या.
काही गोठल्याच नाहीत;
बांबोळीला निघालेली गाडी
बांद्यावरूनच मागे फिरली.

दहा रिकामा. चादर बदलून घे.
कोयंड्यांचा म्हातारा होता. दोन चाळीस, मी लिहिलंय.
घड्याळ सुनेने काढून नेलं, चष्मा राहिला.
वरच्या ड्रॉवरमध्ये आहे, कापसात गुंडाळून.
मागायला येतील. नाही आले तरी टाकू नको.

आणि माझी ओव्हर?
ती कुणाच्या वहीत बसायची?
नोंदणीचं सर्टिफिकेट लॅमिनेट केलंय,
फोटोत दोन वेण्या, पिना खोचलेली पांढरी टोपी.
रत्नागिरीला पहिल्याच वर्षी
एका मेलेल्या बाईला स्पंज करताना
तिचा हात माझ्या हातून सुटून खाटेवर आपटला
आणि मी तिला सॉरी म्हटलं.
मुली हसल्या. ट्यूटर हसल्या नाहीत.
म्हणाल्या, म्हणत जा.

मग बाँड, वैभववाडी, कणकवली, मग इथं देवगडला.
प्रमोशनची फाईल ओरोसला फिरत राहिली,
इन्चार्जची खुर्ची मिळाली
ती गुडघे गेल्यावर, म्हणजे तशी वेळेवरच.

तू मस्कतला चाललीस, ठाऊक आहे मला.
फॉर्म ड्रेसिंगच्या ट्रेखाली सापडला,
मीच परत तुझ्या पर्समध्ये सरकवला.
जा. इथे अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवस ब्रेक;
त्या एका दिवशी काय तू
पडलेल्या माणसाला ओलांडून जातेस?
जा, पण ओव्हर कुणाला तरी नीट दे.
टेबलावर ठेवून जाऊ नको.

सही केली. आठ दहा.
पवनचक्क्या वाऱ्याची वाट बघत उभ्या.

बंदरावर लिलाव संपत आलेला.
इतक्या वर्षांत पेशंटच्या घरचा
एक बांगडासुद्धा फुकट घेतला नाही.
नियम आज आठला संपला,
म्हणून मुद्दाम सुगंधा जुवाटकरणीच्या टोपलीपुढे थांबले.
सातव्या महिन्यात आली होती ही,
खालची पापणी ओढून बघितली
तर आत चुना.
तीन महिने गोळ्या गिळायला लावल्या, समोर उभी राहून.
आता तिचा झील स्वतःची होडी घेऊन जातो.

म्हटलं, "सुगंधा, रिटायर झाले गं आज."
तिने सुरी खाली ठेवली. बघत राहिली थोडा वेळ.
"म्हणजे आतां सिस्टर नाय," म्हणाली,
"आतां गिऱ्हाईक.
अडीचशे. एक रुपयो कमी नाय व्हवचो."

मी पिशवी पायाशी ठेवली.
बांगड्याचा कल्ला अंगठ्याने उचलला,
उजेडाकडे केला.

"लाल आहे," म्हटलं.
"पण दोनशे."