जोडपत्र

त्या रकान्यावर "ऐच्छिक" असं छापलं होतं.
पण लग्नपत्रिकेत "कृपया आहेर आणू नये" असतं ना,
तसलं ऐच्छिक.
म्हणून मी जोडली माझी सदतीस पानं:
रामबाग ते नारायण बाग, सकाळी सहा दहा ते सात,
दोनशे चौदा दिवस,
उकिरडेच उरले नाहीत अशा शहरात
गल्लीतले कुत्रे काय खातात.

बाबा म्हणाले, विषय जरा बरा नाही का सापडला?
गीता भवनाजवळचे सल्लागार सर म्हणाले, ड्रोन घाला यात.
मग आवाज उतरवून:
पंचेचाळीस हजारांत एक प्राध्यापक मिळतात,
पहिलं नाव त्यांचं, दुसरं हिचं,
आणि निष्कर्ष छापण्याजोगा करून देतात.
आईने पर्सची चेन उघडली.
पुन्हा लावली.

माझा निष्कर्ष छापण्याजोगा नव्हताच.
मला वाटलं होतं, कुत्रे कमी होतील.
एकोणीस होते, एकोणीस राहिले.
फक्त वेळ बदलली त्यांनी;
कचरागाडीच्या आधी पंधरा मिनिटं
दारोदारच्या बादल्यांपाशी
मामलेदारासारखे फिरू लागले, तपासणीला.

आणि पान बावीस.
तिथे चार दिवस कोरे आहेत.
रंगपंचमीची गेर निघाली
आणि माझा पांढरा-कान, माझी तपकिरी-पाठ, दोन-ठिपके, तुटकी-शेपूट
एका दुपारीत सगळे गुलाबी.
कोण कुठलं, काही कळेना.
कोऱ्या घरांत सरासरी भरता येते.
रात्री दीड वाजता मी भरलीही:
एकोणीस, एकोणीस, अठरा, एकोणीस.
इतके खरे दिसत होते ते आकडे!
त्यातलं अठरा तर फारच खरं.
खोडले.
खाली लिहिलं, "कुत्रे रंगलेले असल्यामुळे नोंद नाही."

शेवटची अडचण मार्गदर्शकाची.
नावापुढे लाल चांदणी, रिकामं सोडलं तर फॉर्म पुढे सरकत नाही.
डिसेंबरात मी वीस मोजत होते तेव्हा
गाडीच्या पायरीवरून एक बाई ओरडली होती,
तो पिवळा धरू नकोस,
तो जुन्या इंदुरातला, फक्त शनिवारी येतो इकडे,
आणि संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जातो.
चार शनिवार मी त्याच्या मागे चालले.
जातो.
म्हणून लिहिलं: सजनबाई करोसिया.
संस्था: गाडी क्रमांक चौसष्ट.
ईमेल तिच्या मुलाचा, गाडी तोच चालवतो.

पट्टी नव्वद टक्क्यांवर अडली.
बाबा राउटरपाशी जाऊन उभे राहिले,
आजारी माणसाच्या उशाशी उभे राहतात तसे,
हात मागे बांधून.
अकरा एकावन्नला गेलं.
कोणीच काही बोललं नाही. आईने दूध गरम केलं.

अकरा दिवसांनी सकाळी
गाडी आमच्या दाराशी जरा जास्त थांबली.
मुलाने फोन पुढे केला. दीदी, ये क्या पूछ रहे हैं?
मी वाचलं, मग सजनबाईला सांगितलं,
शक्य तितक्या सरळ आवाजात, कारण प्रश्न माझ्याबद्दलचा होता:
हे काम हिने स्वतंत्रपणे,
कोणाच्याही मदतीविना, एकटीने केलं आहे का?

ती आमची बादली रिकामी करत होती. ओली एकीकडे, सुकी एकीकडे.
"अकेली कैसे?" ती म्हणाली. "कुत्ते थे ना."

मुलाचा अंगठा काचेवर तसाच.
तिथे एक होय होतं, एक नाही होतं,
आणि खाली शेऱ्यासाठी जागा, दोनशे अक्षरांची.
मी तोंड फिरवून फाटकाची कडी बघत राहिले.
मागे गाण्याचा आवाज कमी झाला,
आणि सजनबाई, हातमोजा काढत, एकेक बोट सुटं करत,
म्हणाली, "लिख.
उन्नीस."