उजवा कौल

ऑगस्टात मका डोक्यावरून जातो
आणि आयोवातल्या त्या दोन खडीच्या रस्त्यांना
एकमेकांची खबर राहत नाही.
पाटी नाही, सिग्नल नाही.
कायदा एवढाच :
उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं.

व्हर्लिन टोलेफ्सन, वय एकोणऐंशी, उजवीकडून आला.
यारेली ओचोआ, एकोणीस,
मागच्या सीटवर अंड्यांचे सहा ट्रे.
मी विम्याची, दोन दिवसांनी, टेप घेऊन.

घसरल्याच्या खुणा मोजल्या :
तिच्या अकरा फूट. त्याच्या नाहीतच.
‘साठ वर्षं जातोय इथून,’ तो म्हणाला,
‘इथं कधी कुणी नसतंच.’
तिला मक्यावर धूळ दिसली होती,
वाटलं, वारा असेल.
खडीत पिवळा बलक वाळून चिकटलेला.

फॉर्मवर रकाने दोन, बेरीज शंभर.
तिला सत्तर, त्याला तीस.
मक्याला रकाना नाही.

गावी गुरव देवीला कौल लावायचा,
उजवी कळी पडली की विषय संपला.
आई मात्र वाढताना म्हणायची,
पंगतीत उजवं-डावं करू नये.
माझी तर भाकरीच त्यावर.

निघताना त्याच चौकात उजवीकडून
व्हर्लिन आला, मुलाच्या पिकअपमधून.
चक्क थांबला.
काचेआडून हात हलवला : जा, तू आधी.
मी हात हलवला : नाही, हक्क तुमचा.
त्यानं पुन्हा. मी पुन्हा.

मागून आलेली आमची धूळ
कुणालाच न विचारता
चौक ओलांडून गेली.