बुशशर्टावरचं पाणी

नवी पेठेतल्या दुकानदारानं दोन बॉड्या दिल्या,
दोन दिवसांच्या बोलीवर.
एकीच्या सेन्सरवर गाळणी आहे, दुसरीच्या नाही.
"बिनगाळणीची घ्या," तो म्हणाला,
"पापणीचा केस न् केस येतो.
मोआरे? ते पोर्ट्रेटला कुठं येतंय?"

त्याला काय सांगू.
माझा स्टुडिओ साखर पेठेत.
इथं माणूस फोटोला बसतो
त्याआधी त्याचं कापड येऊन बसलेलं असतं.

मंगळवारी नरसय्या कोडम आले.
एकतीस वर्षं माग, आता गुडघे.
बारीक चौकड्यांचा बुशशर्ट,
त्यांच्याच मागावरच्या शेवटच्या ताग्यातला.
"भिंतीवरचा काढ," म्हणाले.
"नाहीतर पोरं आधारकार्डावरचाच मोठा करतात.
आमच्या व्याह्याचा बघितला.
हार घातलेला चोर दिसतो."

बिनगाळणीची लावली. खिडकीचा उजेड.
पडद्यावर मोठा करून बघतो तर
खांद्यापासून खिशापर्यंत
हिरवी-जांभळी वळणं,
डबक्यावर रॉकेल सांडल्यागत.
एक पाऊल मागं सरलो,
वळणं पोटावर उतरली.
त्यांना जरा तिरकं बसवलं,
कॉलरीत शिरली.
छिद्र पार आवळलं तेव्हा गेली,
पण डोळ्यांतलं ओलंही घेऊन गेली.

मग दुसरी बॉडी.
शर्ट निमूट. सगळा एक राखी.

दोन्ही दाखवले त्यांना. ओशाळून म्हटलं,
कॅमेऱ्याची चूक आहे काका, जाळीवर जाळी पडते.

चष्मा कपाळावर सारून
त्यांनी नाक पडद्याला लावलं.
तेलुगूत काही पुटपुटले. आकडे असावेत.
"चूक कसली? तुझ्या यंत्रातपण फणी आहे की.
तिचे दात आणि माझे दात
थोडक्यात जुळले नाहीत, एवढंच.
मच्छरदाणीची दुहेरी घडी उजेडात धर,
असंच पाणी हलतं."
मग दुसऱ्या फोटोवर बोट ठेवून,
"ह्यात शर्ट आहे.
कापड नाही."

ते चहा पीत होते तेव्हा मी त्यांचा चेहरा
शंभर टक्के मोठा करून पाहिला.
कपाळावर पाण्याचा टिपूस नव्हता.
एवढ्या रेघा,
आणि दुसरीसारखी एकही नाही.
यंत्राला पकडायला काही सापडलंच नसावं.

संध्याकाळी दुकानदाराचा फोन. ठरलं का?
उद्या शाळेची एकशेदहा पोरं आहेत,
सगळी चौकड्यांच्या गणवेशात,
आणि आया फोटोत रॉकेल चालवून घेणार नाहीत.
म्हटलं, अजून एक दिवस द्या.

बारा बाय अठरा सांगितलाय कोडमकाकांनी,
पाणी हलतं तोच.
ॲडव्हान्सचे दोनशे मोजून ठेवले,
जिना अर्धा उतरले, परत वर आले.
"खाली नाव टाक," म्हणाले.
"तारखेची जागा मोकळी सोड."