पाणी उतरण्याआधी

वर्षअखेरच्या फॉर्मवर माझ्या नावापुढं
सबनीस साहेबांनी एकच शब्द इंग्रजीत लिहिला,
बाकी रकाने बरे होते.
ॲसर्बिक.
मी आधी सही केली, मग अर्थ शोधला.
सातपूरच्या स्टॉपवर, बस येईतो,
थंडीनं बधिर झालेल्या अंगठ्यानं.

कडवट, म्हणाला मोबाईलमधला कोश.
बोचरी. तिखट.
तिखट?
तिखटाला आमच्या नाशकात कोण नावं ठेवतं!
रविवारी सकाळी मिसळीपुढं रांगा लागतात,
नाक पुसत, डोळे पुसत
लोक अजून तर्री मागतात.

खरमरीत म्हणावं तर ते पत्राला शोभतं.
जहाल मिरचीला, नाहीतर एखाद्या गटाला.
करारी हा शब्द फोटोखाली छापतात
आणि फोटोत बहुधा मिशा असतात.
माझा पंचवटीतला मामा
माझ्याच जिभेनं जन्मभर बोलला, त्याला स्पष्टवक्ता म्हणाले.
त्याला मिळालेल्या शालींवर
मामी आता उन्हात कुरडया घालते.
मला मात्र फटकळ.
ती सबनीसांची प्रयोगशाळेतली फटकळ बाई.

बोलले काय होते मी?
गेल्या हंगामातली मीटिंग, चहा यायचा होता.
दिंडोरीच्या बागेत बावीस भरलेली साखर
आपल्या गेटात शिरताना वीस कशी होते,
असं विचारलं.
आणि वाटेत कोण चाटतं, असंही.
दुसरं वाक्य नको होतं, कबूल.
पण चहा आला आणि सगळ्यांना
दुसरंच तेवढं ऐकू आलं होतं.

एका बाईचं नाक कापलं म्हणून
या गावाला नाव पडलं, असं सांगतात.
लहानपणी गंगेवर जाताना
मी आईला विचारलं होतं,
ती बोलली काय होती गं नेमकं?
आई म्हणाली, नाकानं कांदे सोलू नकोस,
चप्पल सांभाळ.

दुसऱ्या दिवशी नमुने आणायला बागेत गेले.
पेठकडच्या बाया विरळणी करत होत्या,
कात्र्यांचा बारीक किटकिटाट,
ओळींमधून हिरवे मणी पडलेले.
मी मथी गावितला विचारलं,
हे खाऊन तोंडात जे होतं
त्याला तुम्ही काय म्हणता?
तिनं एक मणी फोडला, तोंड वाकडं केलं, थुंकली,
आणि इतकी हसली की पदर सुटला.
दात आंबले, म्हणाली.
मग जरा थांबून,
जीभ खरवडली. घसा धरला.
पलीकडच्या ओळीतून कुणीतरी ओरडलं,
सासू आठवली म्हण की!

आंबट नाही, तुरट नाही, कडू तर नाहीच,
या तिन्हींच्या मधे कुठंतरी.
एप्रिलात वेलीची करतात ती खरड छाटणी,
बाराही महिने माणसांची करतात ती खरडपट्टी,
आमच्या भाषेला दोन्ही एकाच धातूचे वाटतात.

संध्याकाळी जाडा कोश काढला,
पानाच्या तळाशी बारीक अक्षरात
त्या शब्दाचं मूळ दिलं होतं.
लॅटिन. न पिकलेलं फळ.

म्हणजे साहेबांनी मला शिवी दिली नव्हती,
नकळत वाचन घेतलं होतं.
पण कुणाच्या घाईनं तोडलं मला, हा रकाना
फॉर्मवर नव्हता.

मथीला हे सांगितलं नाही.
तिनंच जाताना एक घड तळहातावर तोलला,
उन्हाकडे धरला,
अजून पाणी नाही उतरलं, म्हणाली,
उतरंल. काळजी नका करू, बाई.
मला म्हणाली की घडाला, कळलं नाही.

जानेवारीत पहिली क्रेट आली.
काचेवर थेंब टाकला, डोळा लावला.
बावीस पूर्णांक चार.
पेन्सिल शेजारीच ठेवलेली होती, नेहमीसारखी.
मी पर्समधून पेन काढलं.