बजावणी

एकोणीस वर्षं मी कातबालोगानच्या कोर्टात बेलिफ.
पिशवीतून कधी चांगली बातमी निघाली नाही.
कुत्री मला समोरून ओळखतात,
माणसं पडद्याआडून.
नोटीस घ्यायला नकार दिला
तरी ती बजावली असंच धरतात –
हे मी इतक्या दारांत म्हटलंय
की झोपेतही म्हणतो, असं रुफिना सांगते.

नेमेसिया आबुलनं नकार दिला नव्हता.
शहाळं फोडून हातात दिलं,
कागद उलटा धरला
आणि विचारलं, यात काय लिहिलंय?
मला ठाऊक होतं.
तीस दिवस. घर. नारळाची अकरा झाडं.
पण अर्थ सांगायला सनद लागते.
म्हटलं, वकिलाला विचारा.
ती म्हणाली, तुम्ही नाही का वकील?

शर्टाला इस्त्री होती त्या दिवशी.

मग टाक्लोबानचं कॉलेज, शनिवार-रविवार, सात वर्षं.
जेवणाच्या टेबलावर पुस्तकांनी आधी नुसता पाय ठेवला,
मग बिऱ्हाड केलं.
कुणी हटकलं नाही तर कब्जाचीच मालकी होते,
मी रुफिनाला समजावून सांगितलं.
ती म्हणाली, हटकतेय.
आणि ताट मांडीवर घेऊन बसली.
मारिकार माझी उजळणी घ्यायची,
एका हातात प्रश्न, दुसऱ्या हातात सुकी मासळी;
वारसाहक्काच्या पानावर
तिचा तेलकट अंगठा अजून आहे,
साक्षीदारासारखा.

नोव्हेंबरचे चार रविवार मनिलात.
बस, बोट, पुन्हा बस.
चुलतभावाची खोली दातांच्या दवाखान्यावर,
खालून दिवसभर ड्रिलचा आवाज,
वर मी आणि करारभंग.
परीक्षेच्या फाटकात एका पोरानं
मलाच विचारलं, सर, कुठल्या वर्गावर आहात?
मी म्हटलं, शेवटच्या बाकावर.

तिसऱ्या रविवारी प्रश्न आला:
'अ'ने 'ब'वर केलेली बजावणी वैध आहे काय?
हसूच आलं.
पेन आपोआप चाललं,
उंबरा, कुत्रा, शहाळं सोडून सगळं लिहिलं,
आणि पान उलटताना पाहिलं –
'ब'च्या जागी मी
नेमेसिया लिहून बसलो होतो.

उत्तरपत्रिकेत नाव नको. खूण नको.
खूण दिसली की पत्रिका बाद.
मी ते नाव खोडलं.
एक रेघ ओढली, मग दुसरी,
मग भीतीनं इतकं गिरवलं
की कागद पलीकडून उठून आला.
आता नाव नव्हतं.
खूण मात्र होती.

हे मी रुफिनाला सांगितलं नाही.
तिनं सांता क्लाराला दोन डझन अंडी कबूल केली होती,
आमच्या कोंबड्यांनी नेमका त्याच आठवड्यात संप केला,
विकतची नेली.
डिसेंबर गेला. जानेवारी.
दारात गेलो की लोक विचारत, लागला का निकाल?
ज्यांना मी घराबाहेर काढलं, तेही.
फेब्रुवारीत एकजण तारीख वाढवून मागत होता,
मी म्हटलं, मला विचारू नका हो,
माझीच चाललीय.

रात्री डोळे मिटले की
मनिलातला कुणी न्यायमूर्ती
माझं पान दिव्यापुढे धरतो.
कधी खोडलेलं वाचता येतं त्याला,
कधी नाही.
कोणतं बरं, तेच मला कळेनासं झालंय.

पेपर आमच्याकडे एक दिवस शिळा येतो.
आज धक्क्यावर बोट लागली तेव्हा
मी परसातल्या मोरीत नको ते भांडं घासत होतो.
रुफिना फाटक उघडून आत आली,
पेपरची गुंडाळी काखेत,
सुतळी सुद्धा सोडलेली नाही.
मी म्हटलं, ठेव तिकडे.
म्हटलं, हात ओले आहेत.

नकार दिला तरी, तिनं सुरुवात केली,
आणि पुढचं बोलली नाही.
पालथी बादली माझ्यापुढे सरकवली.

बस, म्हणाली.
मी वाचून दाखवते.