काठाला टेकवून

लाउशा गावात मी माणसांचे डोळे करते.
काचेचे. दुधी पांढरी नळी, गॅसची निळी ज्योत,
आणि समोरच्या खुर्चीत कुणीतरी,
ज्याला मी चाळीस वर्षं म्हणत आले:
इकडे बघा. माझ्याकडे.

आधी गोळा फुगवायचा, मग बुबुळाचे रंग,
शेवटी लाल काचेचा केसाएवढा धागा,
पांढऱ्यावर शिरा ओढायला.
फार ओढल्या तर डोळा रडून आल्यासारखा दिसतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्याच डोळ्यांत
कुणीतरी फार शिरा ओढल्या.

बेकरीतली मुलगी म्हणाली,
गेर्लिंड, माझं काही चुकलं का?
मी नुसता पाव मागत होते.
डोळे वटारलेले होते खरे,
पण ते मी वटारले नव्हते.

रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही.
हे काळजीचं सांगत नाही, मोजमापाचं सांगते:
पापण्या पोचायच्याच नाहीत एकमेकींपर्यंत.
योखेन उठून मलम घालायचा,
दिवा मालवताना म्हणायचा,
जागी आहेस की झोपलीस, कळत नाही.
मलाही.

येनाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी
डोळ्यांच्या कडेला पट्टी टेकवली: चोवीस, तेवीस.
मिलिमीटर मला समजतात.
बाकीचं त्यांनी समजावलं:
गळ्यातल्या ग्रंथीशी तुमचंच रक्त भांडतंय,
आणि भांडण आता डोळ्यांमागं राहायला आलंय.
कुणी बोलावलं? मी विचारलं.
कुणी नाही. दोन्ही घरांना एकाच जातीची कडी आहे.

मग ज्योती दोन दिसू लागल्या.
एकीवर काच तापायची, दुसरीवर नाही,
आणि खरी कुठली ते बोट भाजल्यावर कळायचं.
डाव्या डोळ्यावर चिकटपट्टी लावून बसले होते
तेव्हा फोइक्ट आले,
लेहेस्टेनच्या पाटीच्या खाणीत उजवा डोळा गेलेले.
पट्टीकडे पाहून म्हणाले, अच्छा, तुम्हीही.
कॉफी माझ्या हातून टेबलावर सांडली.
त्यांनी किटली घेतली.
आधी टेकवायची. तोंड कपाच्या काठाला.
मग ओतायची.
बावीस वर्षांत मी त्यांना अकरा डोळे करून दिले,
कॉफी कशी ओतता, हे कधी विचारलं नव्हतं.

दर तीन आठवड्यांनी एक बाटली, अशा आठ.
थुई नावाची नर्स, येनातच जन्मलेली,
शीर शोधताना जीभ दातांत धरते, मी धरते तशीच.
बाटलीतही अँटीबॉडीच, ती म्हणाली.
म्हणजे काट्यानं काटा?
नाही हो. ही काही काढत नाही.
शेजारच्या कडीवर हात ठेवून उभी राहते नुसती,
कुणाला वाजवता येऊ नये म्हणून.
थेंब पडत राहिले. मी तिच्या बुबुळातले
तपकिरीचे तीन प्रकार मोजले.

चौथ्या बाटलीनंतर एका सकाळी
दोन्ही ज्योती सरकत आल्या, एकीवर एक बसल्या.
मी पट्टी ओढली.
भुवईचे केस तिच्यासोबत आले.

सहावीनंतर ज्योत मुकी झाली.
नीट तापली की ती बारीक शीळ घालते,
त्यावरून मी काच पुढं करायची.
गॅस संपला का रे? मी विचारलं.
योखेन थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला.
घालतेय की शीळ, म्हणाला.
कानांचंही बघू, डॉक्टर म्हणाल्या.
परत येईल कदाचित.
त्यांनी कदाचित दोनदा म्हटलं, की मला दोनदा ऐकू आलं,
ठाऊक नाही.

आठ झाल्या. वीस, एकोणीस.
एक मिलिमीटरचा फरक राहिला.
असा जोड मी गिऱ्हाइकाला दिला नसता.
पण रात्री पापण्या पोचतात.

परवा फोइक्ट आले, बाराव्या डोळ्यासाठी.
काहीतरी म्हणाले.
मोठ्यानं बोला, मी म्हटलं, आणि इकडे बघा.
मधे कॉफी झाली.
किटली एक होती, कप एक होता,
काठ अगदी स्वच्छ दिसत होता.
तरी आधी टेकवली,
मग ओतली.